जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव: कोकणातून विक्री सुरू करणाऱ्यांसाठी

ऑनलाइन लिलावात नवा विक्रेता चुकतो तो बहुतेक वेळा वस्तू निवडतानाच. काजूगर, आगळ, आंबापोळी, नवी कोरी भांडी अशा ज्या मालाचा भाव कुणालाही दुकानात विचारता येतो, तो लिलावात टाकून हाती काही लागत नाही. घेणाऱ्याला भाव ठाऊक असतो आणि तो त्याच्या खालीच बोली लावतो. असा माल ठरावीक किमतीला विकावा. खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तो टिकण्याचाही प्रश्न असतो. त्यामुळे त्याची वाट वेगळी.

ज्या वस्तूचा नेमका भाव सांगता येत नाही, पण जिच्यासाठी दोन माणसं एकमेकांवर चढतील, ती वस्तू लिलावाची. चावीची घड्याळं, जुने फिल्म कॅमेरे, फाउंटन पेनं, नाट्यसंगीताच्या तबकड्या, तिकिटं लावलेली जुनी पाकिटं, काडेपेटीची लेबलं, पितळी पानदान, अडकित्ते, समया हा कोकणातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर सापडणारा माल या वर्गातला.

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो तेव्हा घेणारा टोपलीत हात घालतो, कल्ले उघडून बघतो, मगच बोलतो. ऑनलाइन घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या मनात जेवढी शंका राहील तेवढी रक्कम तो बोलीतून वजा करतो. फोटो, मोजमाप, दोष सांगणं, पॅकिंग, पार्सलचा माग ही सगळी मेहनत ती शंका काढून टाकण्यासाठी करायची आहे.

आधी हे तपासा: विकायला बंदी असलेला माल

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. कोकणातल्या घरात जे सहज सापडतं, त्यातलं बरंच काही विकणं किंवा देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे.

पुरातन वस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं, मूर्ती, चित्र, कारागिरीची वस्तू ही पुरातन वस्तू ठरते. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही आणि देशातल्या देशात त्यांचा व्यापार करायलाही परवाना लागतो. म्हणजे डब्यातली शिवराई किंवा व्हिक्टोरिया राणीचा रुपया परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायचा नाही. वस्तू जुनी दिसते पण १०० वर्षांची नाही, अशी खात्री असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. महागड्या वस्तूसाठी तेवढी खटपट करावी.

आपल्याकडे भांड्यांवर नाव आणि साल घालायची पद्धत आहे. घंगाळ, तपेली, परात उलटी करून काठ आणि बूड नीट बघा. कोरलेलं साल हा वयाचा चांगला पुरावा. ते शंभरी ओलांडलेलं असेल तर वस्तू घरातच ठेवा. नंतरचं असेल तर त्या कोरीव अक्षरांचा जवळून फोटो घ्या. संग्राहकाला त्यात रस असतो आणि भांडं शंभरीच्या आतलं असल्याचंही त्यातून दिसतं.

जमिनीत सापडलेला ठेवा हा आणखी वेगळा विषय. विहीर खणताना किंवा जोतं काढताना दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं काही मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असा माल लिलावात टाकलात तर तुमचेच फोटो तुमच्याविरुद्धचा पुरावा होतात.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तितकाच महत्त्वाचा. भिंतीवर टांगलेली करवत माशाची करवत, प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखा, वाळवलेला समुद्रघोडा, कासवाची पाठ, सांबराची शिंगं, हस्तिदंताच्या मुठी, वाघनखं यातलं काहीही विकायचं नाही. आजोबांच्या काळापासून घरात आहे म्हणून सूट मिळत नाही. शंख-शिंपल्यांच्याही काही जाती संरक्षित आहेत. जात ओळखता येत नसेल तर शंखांचा व्यापार करूच नका. शिसवी वस्तू परदेशी पाठवायची असेल तर लाकडाच्या जातीनुसार कागदपत्रं लागतात. पहिल्या वर्षात त्या वाटेला न गेलेलं बरं.

कायद्याखेरीज आणखी एक पाहा. घर सामाईक असेल तर माळ्यावरची वस्तूही सामाईक असते. मुंबईला असलेल्या भावाची, काकांची, आत्याची संमती व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, फोटोसकट लेखी घ्या. देव्हाऱ्यातल्या किंवा देवळातल्या वस्तूला हात लावू नका. आणि गावात कुणी ‘जुनी मूर्ती आहे, घेता का’ म्हणून आलं, तर ती कुठून आली हे कागदावर दाखवता येत नसेल तोवर घेऊ नका.

कुठे विकायचं

ईबे हे ऑनलाइन लिलावाचं अमेरिकी संकेतस्थळ. भारतात त्याचं स्वतंत्र दालन होतं. २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन ते उभं राहिलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. आता नवख्यासाठी व्यवहारात तीन रस्ते आहेत.

पहिला, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संग्राहकांचे गट. घड्याळांचे, पेनांचे, तिकिटांचे वेगवेगळे गट असतात. शुल्क नाही, पैसे यूपीआयने लगेच येतात, माल देशातच जातो. उलट बाजू अशी की मध्ये कुणी जामीन नसतो, सगळं नावावर चालतं. शिकण्यासाठी हीच जागा उत्तम. आधी महिनाभर नुसतं बघा, मग दोन-चार लहान वस्तू विकत घ्या. पैसे वेळेवर देणारा म्हणून नाव झालं की तुमच्या लिलावावर बोली पडते.

दुसरा, नाणी आणि तिकिटांची लिलावगृहं. अशी संस्था तुमचा माल तपासते, यादीत छापते, लिलाव करते आणि कमिशन कापून पैसे देते. महिने जातात. पण ज्या तिकिटाचा किंवा नाण्याचा अस्सलपणा तुम्ही स्वतः सांगू शकत नाही, त्यासाठी हाच मार्ग योग्य. इथे एक इशारा द्यायलाच हवा. ‘७८६ आकड्याची नोट लाखाला घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असे फोन येतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चाललेल्या या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

तिसरा, ईबेच्या परदेशी दालनांवर भारतातून निर्यातदार म्हणून विकणं. गिऱ्हाईक जगभरचं, म्हणून भाव चांगला येतो. मात्र कागदपत्रं, टपालखर्च, परतावे हे सगळं मागोमाग येतं. देशात काही व्यवहार हाताखालून गेल्यावर इकडे वळा.

सावंतवाडीची गंजिफा, लाकडी खेळणी, पिंगुळीची चित्रकथी याबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण हा जिव्हाळ्याचा विषय आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात, दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं. हाताने रंगवलेला असा संच एक रुपयापासून लिलावाला लावला आणि त्या दिवशी दोनच बोलीदार आले, तर पडलेला भाव इंटरनेटवर नोंदला जातो. पुढचा गिऱ्हाईक तोच भाव चिताऱ्याच्या तोंडावर मारतो. हयात कलाकाराचं काम ठरावीक किमतीला, कलाकाराला विचारून आणि त्याचं नाव देऊन विकावं. लिलाव जुन्या, वापरलेल्या, पुन्हा न बनणाऱ्या वस्तूंसाठी ठेवावा.

भाव शोधणं

वस्तू कुणी कितीला मागतंय ते बघू नका, कितीला गेली ते बघा. ईबेवर शोध घेतल्यावर ‘सोल्ड आयटम्स’ अशी चाळणी लावता येते. त्यात साधारण गेल्या ९० दिवसांतले झालेले व्यवहार दिसतात. तुमच्यासारख्याच मॉडेलचे, तुमच्यासारख्याच अवस्थेतले आठ-दहा व्यवहार वहीत उतरवा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. मधले जे उरतील तो तुमचा पट्टा. फेसबुक गटात जुने लिलाव शोधून शेवटची बोली पाहता येते.

दहा व्यवहारच सापडले नाहीत तर दोन शक्यता असतात. वस्तू खरोखर दुर्मीळ आहे किंवा कुणालाच नको आहे. अशी वस्तू आधी संग्राहकांच्या गटात नुसती माहितीसाठी टाका. ‘विकणार का’ असे निरोप येऊ लागले की मग लिलाव लावा. पहिल्याच निरोपाला विकून टाकू नका.

साफसफाई: जितकी कमी तितकी बरी

आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच किंवा आमसूल घेऊन घासायची सवय आहे. सणाच्या समईला ते ठीक, विकायच्या जुन्या भांड्याला नाही. पृष्ठभागावर वर्षानुवर्षं चढलेली गडद झळाळी संग्राहकाला हवी असते. ती आंबटाने गेली की परत येत नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करणं एवढंच करा. हिरवा जंग पावडरीसारखा उडत असेल तर लाकडी काडीने हलका काढा. तारेचा घासा वापरू नका. लोहचुंबक लावून बघा. पितळ, तांबं, कासं याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा.

नाण्याला कापड लावायचं नाही. घड्याळ स्वतः उघडून तेल घालायचं नाही. गाण्याची तबकडी धुतल्यावर लेबल ओलं झालं तर किंमत बरीच उतरते. तिकीट पाकिटावर असेल तर ते कधीही सोडवू नका. टपाल शिक्क्यासकट पूर्ण पाकीट बहुधा सुट्या तिकिटापेक्षा जास्त मोलाचं असतं.

खारी हवा आणि पावसाळी दमटपणा हे इथले खरे वैरी. लिलावासाठी काढलेला माल झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या पुड्या घेतल्या तर कधी सुकवायच्या ते कळतं. कागदाचा माल लोखंडी कपाटात, भिंतीला टेकवून ठेवू नका. जूनमध्ये भिंत ओलसर होते आणि ऑगस्टपर्यंत बुरशीचे ठिपके पडलेले असतात.

फोटो

सगळ्यात चांगला उजेड ओटीवर मिळतो: सकाळी आठ ते दहा, थेट ऊन येत नसताना. पावसाळ्यातला ढगाळ उजेड तर फारच उत्तम, कारण सावल्या पडत नाहीत आणि धातूवर चकाकी येत नाही. मागे पांढरा किंवा राखाडी कार्डशीट वक्र करून ठेवा. फ्लॅश बंद. मोबाइल जवळ नेला की वस्तू फुगीर दिसते. म्हणून दोन हात मागे सरकून दुप्पट झूम लावा.

एका वस्तूचे दहा-बारा फोटो पुरतात. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, बुडाकडून, खुणा व अक्षरं जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून एक, आणि प्रत्येक दोषाचा स्वतंत्र फोटो. दोषाचा फोटो काढताना कंजूषपणा केलात तर तोच दोष परताव्याच्या अर्जात गिऱ्हाइकाने काढलेल्या फोटोत दिसतो.

घड्याळाचं उदाहरण घेऊ. एचएमटीचं घड्याळांचं उत्पादन १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालं आणि कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायला केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून तिच्या जनता, पायलट, जवान, कोहिनूर या मॉडेलांना देशात आणि बाहेर मागणी आहे. त्याबरोबर बनावट मालही आला. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी (डायल), भलतेच काटे, दुसऱ्या मॉडेलची केस असे जोडघड्याळाचे प्रकार इतके झालेत की जाणकार घेणारा मागचं झाकण उघडलेला फोटो मागतोच. गावच्या किंवा तालुक्याच्या घड्याळजीकडे नेऊन त्याच्यासमोर यंत्राचा फोटो घ्या. तबकडीवरची अक्षरं भिंगाने बघा. कडा पसरट, रेषा जाडसर किंवा अंतर कमी-जास्त असेल तर ती पुन्हा रंगवलेली आहे. तसं असेल तर तसंच लिहा. पुन्हा रंगवलेल्या तबकडीलाही गिऱ्हाईक असतं, फक्त भाव वेगळा.

मथळा आणि वर्णन

ईबेच्या मथळ्यात ८० अक्षरं बसतात. त्यात ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’, ‘एकदम भारी’ असे शब्द कुणी शोधत नाही. कंपनी, मॉडेल, प्रकार, साहित्य, माप, काळ एवढंच भरा. वर्णनात घड्याळाबद्दल हे सगळं हवं: चावीचं की स्वयंचलित, किती ज्वेलचं (यंत्रातले खडे), किल्ली सोडून केसचा व्यास मिलिमीटरमध्ये, पट्ट्याची रुंदी, पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं, चोवीस तासांत किती पुढे किंवा मागे जातं, कोणता भाग बदललेला आहे, काचेवर चरे आहेत का, पट्टा मूळचा की नवा. मापासाठी व्हर्निअर कॅलिपर घ्या. साधा प्लास्टिकचाही चालतो. पितळेच्या वस्तूला उंची, तोंडाचा व्यास, ग्रॅममध्ये वजन, डाग दिलेला आहे का आणि पाणी भरून ठेवल्यावर झिरपतं का हे लिहा.

माहीत नसलेलं ठामपणे लिहू नका. ‘सुमारे १९७०’ याला आधार काय, तेही सांगा: सोबतची पावती, क्रमांक किंवा कोरलेलं साल. ‘कामाच्या अवस्थेत’ हे शब्द वापरायचे तर आधी दोन दिवस वापरून बघा.

गटातल्या लिलावासाठी नमुना असा: ‘एचएमटी पायलट, चावीचं, चालू. केस ३५ मिमी. तबकडी मूळची, काच बदललेली. चोवीस तासांत सुमारे ४० सेकंद पुढे. सुरुवात १,५०० रुपये, वाढ किमान १०० रुपये. लिलाव रविवार, रात्री ९:३० ला बंद. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर वेळ ५ मिनिटांनी वाढेल. पैसे २४ तासांत यूपीआयने. स्पीड पोस्ट खर्च वेगळा. परतावा: वर्णनाशी जुळलं नाही तर, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा.’ शेवटच्या पाच मिनिटांचा नियम लिहिला नाही तर साडेनऊला एक सेकंद आधी आलेल्या बोलीवरून भांडण ठरलेलं.

सुरुवातीची बोली, मुदत आणि वेळ

ईबेवर घेणारा आपली कमाल बोली आधीच नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा सुरुवात १० डॉलर आहे. पहिल्याने कमाल ४० नोंदवले, दुसऱ्याने ३२. भाव ३३ वर थांबतो, कारण २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात वाढ एका डॉलरची आहे. पहिला ४० द्यायला तयार असूनही तुम्हाला ३३ मिळाले. भाव ठरवतो तो दुसरा माणूस. दुसरा आलाच नाही तर वस्तू १० डॉलरलाच गेली आणि ती द्यावीच लागते.

यावरून नियम निघतो. झालेल्या व्यवहारांत बोलीदार भरपूर दिसत असतील तर सुरुवात खाली ठेवा, गर्दी जमते आणि गर्दी भाव वर नेते. बोलीदार मोजकेच असतील तर ज्या किमतीला वस्तू गेली तरी वाईट वाटणार नाही, तीच सुरुवात ठेवा. राखीव किमतीची, म्हणजे ठरवलेल्या रकमेखाली वस्तू न देण्याची सोय असते, पण तिचं वेगळं शुल्क पडतं आणि ‘राखीव किंमत गाठली नाही’ ही ओळ बघून घेणारे निघून जातात. नव्या विक्रेत्याने ती टाळावी.

भाचा, मेहुणा किंवा स्वतःचंच दुसरं खातं वापरून बोली चढवणं हा सरळ अप्रामाणिकपणा आहे. नियमाने खातं बंद होतं, आणि संग्राहकांचं जग इतकं लहान आहे की गटात ते चार दिवसांत कळतं.

मुदत सात दिवसांची ठेवा, म्हणजे एक पूर्ण शनिवार-रविवार मिळतो. लिलाव संपण्याची वेळ गिऱ्हाइकाच्या घड्याळाने धरा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सोमवारी सकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. देशातल्या गटासाठी रविवार रात्र, जेवणं उरकल्यावर. गणपतीच्या आठवड्यात, शिमग्यात किंवा मुंबई-गोवा महामार्ग पावसाने ठप्प होतो त्या दिवसांत लिलाव संपेल असं करू नका. घेणारे गावी असतात, वीज जाते, पार्सल अडकतं. परदेशासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, कारण नाताळाची खरेदी तेव्हा होते. पावसाळ्यात फोटो, मापं, वर्णनं तयार करून ठेवावीत.

बोली पडल्यावर वर्णन बदलता येत नाही, फक्त भर घालता येते. शेवटच्या बारा तासांत बोली असेल तर लिलाव मागेही घेता येत नाही. म्हणून लावण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

पॅकिंग आणि टपाल

लिलाव लावायच्या आधी वस्तू पॅक करून वजन करा. हा क्रम उलटा केला की टपालखर्च अंदाजाने लिहिला जातो आणि नफा त्यातच जातो.

कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. दोन किलोची समई उभीच ४५ × ३० × २० च्या खोक्यात घातली तर हिशेब ५.४ किलोचा होतो. समई मळसूत्रावर सुटी करून ३० × २५ × १५ च्या खोक्यात बसवली तर २.२५. जोडायची कशी, ते चित्र काढून आत ठेवा.

खोकं पाच थरांचं पुठ्ठ्याचं घ्या. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, मग बबल रॅप, आणि चारही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर भरणी. धातूला वर्तमानपत्राचा थेट स्पर्श नको, शाई उतरते. नाजूक वस्तूला खोक्यात खोकं. गाण्याची तबकडी कव्हरच्या बाहेर काढून शेजारी ठेवा, नाहीतर धक्क्याने कव्हरची कड फाटते. दोन इंची टेप सगळ्या सांध्यांवर लावा. मग खोकं हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

आंब्याची पेटी, भाताचा पेंढा, नारळाची सोडणं हे भरणीला हाताशी असतं, पण परदेशी पार्सलात अजिबात चालत नाही. कच्च्या लाकडाला आणि वनस्पतिजन्य भरणीला आयात करणाऱ्या देशात कीडनियंत्रणाचे नियम लागतात. ऑस्ट्रेलियासारखे देश असं पार्सल अडवतात. मासळी किंवा सुकट आलेलं खोकं तर देशातल्या पार्सलालाही नको.

देशात स्पीड पोस्ट पुरेसं आहे, आणि गावाच्या पिनकोडला बहुतेक खासगी कुरिअरपेक्षा भरवशाचं. परदेशी हलक्या मालासाठी भारतीय टपालाची दोन किलोपर्यंतची ट्रॅक्ड पॅकेट सेवा स्वस्त पडते, कोणत्या देशांना चालते ते काउंटरवर विचारा. व्यापारी मालासाठी पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालाने होणाऱ्या निर्यातीचं घोषणापत्र, ऑनलाइन भरायचं असतं. डाक घर निर्यात केंद्र असलेल्या टपाल कार्यालयात त्याची मदत मिळते. जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयात चौकशी करा. मालाचं नाव स्पष्ट लिहा: ‘जुनं चावीचं मनगटी घड्याळ’, सोबत वर्गवारी क्रमांक. मनगटी घड्याळांना ९१०२, पितळी घरगुती वस्तूंना ७४१८, खेळण्यांना ९५०३. ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला गिऱ्हाईक सांगेल. नाही म्हणा. ती खोटी घोषणा तुमच्या सहीची असते, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढ्याच किमतीची मिळते.

अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. शुल्क कोण आणि कसं भरतं, ते त्या आठवड्यात टपाल किंवा कुरिअरकडे विचारूनच लिलाव लावा आणि वर्णनात लिहा. युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालाचा कर ईबे घेणाऱ्याकडून आधीच वसूल करतं आणि विक्रेत्याला एक क्रमांक देतं. तो क्रमांक टपालाच्या घोषणेत नोंदवला नाही तर घेणाऱ्याला दुसऱ्यांदा कर भरावा लागतो आणि तुम्हाला वाईट शेरा मिळतो.

कागदपत्रं आणि पैसे

निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन, बँक खातं आणि पत्ता देऊन तो मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये काही बदल नसला तरी माहिती अद्ययावत करावी लागते. ते विसरलं तर कोड निष्क्रिय होतो. जीएसटीची नोंदणी कधी लागते ते विक्रीच्या प्रकारावर ठरतं. निर्यातीवर शून्य दर आहे, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाचं हमीपत्र ऑनलाइन भरायचं असतं. तालुक्याच्या कर सल्लागाराकडे एकदा तासभर बसून हे लावून घ्या. ईबेचे पैसे भारतीय विक्रेत्याला पेओनीअर या परदेशी पैसे पोचवणाऱ्या सेवेमार्फत येतात. खात्यावरचं नाव, पॅन आणि बँकेतलं नाव अक्षरशः सारखं हवं. एका नावात वडिलांचं नाव आणि दुसऱ्यात फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून पडताळणी अडकते.

हिशेब आधी मांडा. समजा वस्तू ४५ डॉलरला गेली आणि टपालाचे १५ घेतले. शुल्क पूर्ण ६० वर लागतं. ते १५ टक्के धरलं तर ९ गेले, ५१ उरले. टपालाला प्रत्यक्ष १४, पॅकिंगला दीड, चलन बदलण्यात २ टक्के म्हणजे १. हातात साधारण साडेचौतीस. वस्तू कितीला आणली होती ते यातून वजा करा. नव्या विक्रेत्याचे पैसे ईबे काही दिवस रोखून ठेवतं आणि महिन्याला किती माल लावता येईल यावरही मर्यादा असते. म्हणून पहिल्या खेपेला पाचच वस्तू लावा.

देशातल्या व्यवहारात पैसे आल्याची खात्री बँकेच्या ॲपमध्येच करा. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

लिलाव संपल्यावर

ईबेवर जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर व्यवहार रद्द करता येतो. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीवर वस्तू देऊ करण्याची सोय आहे. तो बहुधा घेतो. गटातल्या लिलावातही हेच करा, पण आधी पहिल्याला एक आठवण पाठवा आणि व्यवस्थापकाला कळवा.

‘वर्णनाशी जुळत नाही’ अशी तक्रार घेणारा माल पोचल्यापासून ३० दिवसांत करू शकतो. तेव्हा परतीचा टपालखर्च विक्रेत्यावर येतो. परदेशातून परत मागवणं अनेकदा वस्तूपेक्षा महाग पडतं, म्हणून दोष खरा असेल तर थोडी रक्कम परत करून मिटवणं परवडतं. पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक त्याच दिवशी नोंदवा. ‘माल मिळालाच नाही’ या तक्रारीत पोच दाखवणारी नोंद हाच एकमेव बचाव असतो. प्रत्येक पार्सल बंद करताना सलग व्हिडिओ घ्या. त्यात वस्तू, अनुक्रमांक, खोक्यावरचा पत्ता दिसायला हवा. तक्रारीची मुदत संपेपर्यंत तो जपून ठेवा.

वस्तूवर एकही बोली आली नाही तर लगेच तीच पुन्हा लावू नका. आधी किती जणांनी पाहिली आणि किती जणांनी नजर ठेवली, ते आकडे बघा. पाहणारेच कमी असतील तर मथळा चुकलाय. नजर ठेवणारे बरेच पण बोली नाही, तर सुरुवात जास्त आहे किंवा टपालखर्च अंगावर येतोय. पाहणारे भरपूर आणि नजर ठेवणारे नाहीत, तर फोटोत काहीतरी शंका येतेय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लावा. दोनदा लावूनही गेली नाही, तर ती वस्तू ठरावीक किमतीच्या विक्रीत हलवा.